वरच्या मजल्यावर कोणीच नाही

क्राइस्टचर्च,
१२ जानेवारी

ती. आईंना,
शि. सा. नमस्कार.

"फिरायला गेलात आणि फोटो तांदळाच्या पिशव्यांचे कसले पाठवता?" असं तुम्ही फोनवर विचारलंत. तेव्हा मिलिंद शेजारीच बसला होता, म्हणून विषय बदलला. आता तो कामावर गेलाय, सविस्तर लिहिते.

आम्ही जुनं मोटरहोम घेतलं हे तुम्हाला माहीतच आहे. गाडीतच पलंग, शेगडी, संडास आणि कपाटाएवढी न्हाणी. मोकळ्या जागी मुक्काम करायचा तर इथे नियम फार. संडास गाडीत कायमचा बसवलेला हवा, असं २०२३ च्या कायद्याने ठरवलंय. पाणी माणशी रोज ४ लिटर धरून ३ दिवस पुरेल इतकं हवं, आणि तेवढ्या दिवसांचं सांडपाणी टाकीत भरून बरोबर न्यायचं, डंप स्टेशन आलं की तिथेच सोडायचं. ४ लिटरमध्ये तुमच्या चिरंजीवांची नुसती दाढी होते. तरी निघालो.

टेकापो झालं, पुकाकी तलावाशी पोचलो. समोर ३,७२४ मीटर उंचीचा आओराकी लख्ख दिसत होता. लोक मान वर करून डोंगर बघत होते आणि मिलिंद, सई नि मी मान खाली घालून पलंगाखालचं कपाट बघत होतो. कारण तुम्ही शिवलेली गोधडी तिथे होती आणि ती पिळता येईल इतकी भिजली होती.

मिलिंदने निदान करायला क्षणही लावला नाही. "न्हाणीचं सिलिकॉन गेलंय," म्हणाला, आणि ट्यूब काढून जुन्या सिलिकॉनवरच नवं थापलं. जुन्या सिलिकॉनला नवं धरत नाही. दोन अंघोळींत ती पट्टी दुधावरच्या सायीसारखी अखंड उचलून आली. मग त्याने रस्त्याला दोष दिला, नंतर गाडी विकणाऱ्याला. आपल्या डोंबिवलीच्या घरात छत ओलं झालं की बाबा सरळ वरच्या मजल्यावर जाऊन बेल वाजवतात. ती सोय इथे नाही हो! वर फक्त आभाळ, आणि तेही कोरडं.

घरी आल्यावर सूत्रं मी हाती घेतली. गळती जिथे दिसते तिथेच असते असं नाही. पाणी पट्टीच्या कडेने, फळीच्या खालून, वाट मिळेल तसं सरकतं. म्हणून ट्यूब कुलुपात ठेवली आणि आधी सगळं कोरडं केलं. प्रत्येक जोडाखाली टिश्यूपेपर पसरला. पंप चालू, नळ बंद. प्रेशरच्या पाइपातून पाणी जात असेल तर कोणी नळ न सोडताही पंप मधूनच गुरगुरतो. तो गप्प राहिला. मग न्हाणीच्या ट्रेचं भोक बुचाने बंद केलं आणि आत जिलेबीचा रंग घातलेलं पाणी ओतलं. टिश्यू पांढरेच, म्हणजे ट्रेला तडा नाही. बुच काढलं, सगळं केशरी पाणी टाकीत गेलं. निचऱ्याचा पाइपही निर्दोष सुटला.

मग भिंतीवर फवारा मारला. नळाच्या पट्टीचे जे स्क्रू भिंतीत गेलेत, त्यांच्यामागे पहिला टिश्यू ओला झाला. हा एक चोर. दुसरा मात्र सापडेना. शेवटी सईला ट्रेमध्ये उभं केलं, फवारा मारला, काही नाही. मिलिंदला उभं केलं, आणि कपाटात धार लागली!

आई, हसू नका. ट्रे पातळ प्लास्टिकचा, खाली पोकळी. वजन पडलं की तो दबतो, भिंत आणि ट्रे यांच्यात फट पडते आणि भिंतीवरून ओघळणारं पाणी थेट आत. सईच्या वजनाला गळत नाही, मिलिंदच्या वजनाला गळतं. तुमच्या बेसनाच्या लाडवांचं मी नाव घेतलं नाही. सईने घेतलं.

इलाज सोपा, पण चिकाटीचा. जुनं सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून मुळापासून काढलं. लोखंडी पट्टीने ट्रेवर ओरखडे पडतात. बुरशी पुसली, स्पिरिट फिरवलं आणि दारं-खिडक्या उघड्या टाकल्या. इथला वायव्येचा वारा गरम आणि कोरडा, तो फुकटात कामाला आला. ट्रेच्या खाली कडक फोमचे तुकडे ठोसून आधार दिला. स्क्रू काढले, भोकांत सिलिकॉन भरून परत बसवले. मग ट्रेमध्ये तांदळाच्या आणि कणकेच्या पिशव्या रचल्या, साधारण एका मिलिंदइतक्या. फट पूर्ण उघडी असतानाच सिलिकॉन भरायचं आणि वजन तसंच ठेवून सुकू द्यायचं; म्हणजे पुढे कोणी उभं राहिलं तरी ते ताणून सुटत नाही. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून, साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट एकदाच सरळ ओढलं. २४ तास कोणी आत पाऊल टाकलं नाही. ते फोटो तेव्हाचे.

आता मुक्कामी पोचलं की मिलिंद आधी ट्रेमध्ये सईची गोटी सोडतो. गोटी भोकाकडे आली तर ठीक, नाही तर चाकाखाली पाचर घालून गाडी समपातळीत आणायची; एरवी पाणी भलत्याच कोपऱ्यात साचतं. टाकी भरत आली का तेही बघतो, कारण ती तुंबली की कालच्या भांड्यांचं पाणी भोकातून वर येऊन आपल्याला पाय धुवायला देतं.

मार्चमध्ये तुम्ही येताय. तांब्याशिवाय तुम्हाला अंघोळ झाल्यासारखी वाटत नाही, म्हणून बादली घेऊन ठेवली आहे. मिलिंद म्हणतो पूर्ण भरली तरी ट्रे आता सोसेल. मी म्हणते अर्धीच भरूया.

बाबांना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची,
मुग्धा

ता. क. मिलिंदने ही सगळी पद्धत बाबांना फोनवर शिकवली आहे. ते जिलेबीचा रंग घेऊन वरच्या मजल्यावर निघाले, तर आधी तिथल्या काकूंना कळवून जा म्हणावं.