डबलराव

ठाण्याच्या वागळे इस्टेटीत एके काळी लेथ आणि पॉवरप्रेस धडधडायचे. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत ही. हल्ली रोड नंबर सोळाच्या अंगाला काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि तिथल्या सर्व्हर रूममध्ये हमखास एक डबलराव सापडतो.

आमच्या डबलरावांकडे दोन कंपन्यांचे दोन फोन, चष्मे दोन, पावसाळ्यात छत्र्याही दोन. मुलीच्या लग्नात त्यांनी भटजीसुद्धा दोन बोलावले होते. दुसरे गुरुजी सोवळं नेसून मंडपाच्या कोपऱ्यात स्टँडबाय बसले होते. पहिल्या गुरुजींना साधा ठसकाही लागला नाही, याची डबलरावांना अजून हळहळ वाटते.

त्यांचं दैवत म्हणजे स्टोरेजची पेटी. तिच्यात कंट्रोलर दोन. प्रत्येक व्हर्च्युअल डिस्कचा मालक ठरलेला. निम्म्या डिस्क 'ए'कडे, निम्म्या 'बी'कडे. 'ए' पडला की त्याच्या डिस्क 'बी' सांभाळतो, हा फेलओव्हर. 'ए' बरा झाला की डिस्क त्याच्याकडे परत, हा फेलबॅक. नवी पोरं फेलओव्हरची धास्ती घेतात. डबलराव म्हणतात, "अरे, पडायला अक्कल लागत नाही. परत यायला लागते! मेगाब्लॉकला स्लो गाड्या फास्टवर घालणं सोपं. संध्याकाळी त्या परत स्लोवर आणताना ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर उभा राहून बघ."

एकदा एका उत्साही पोराने फेलबॅक ऑटोमॅटिक ठेवला. 'ए'ची केबल ढिली. तो उठायचा, डिस्क ओढून घ्यायचा, पुन्हा आडवा. रात्रभर डिस्क इकडून तिकडे, आणि डेटाबेसला धाप. तेव्हापासून डबलरावांचा कायदा झाला: फेलबॅक मॅन्युअल. आजारातून उठलेल्या कंट्रोलरला लगेच संसार सोपवायचा नाही. आधी लॉग वाचा, कॅशेची बॅटरी बघा, प्रत्येक सर्व्हरवरून दोन्ही वाटा दिसतात का तपासा. मग अर्धा तास निरीक्षण. मग रात्री, लोड कमी असताना, एकेक डिस्क परत. 'ए' आडवा असेपर्यंत जोडीदाराविना कॅशेचा भरवसा नाही, म्हणून पेटी प्रत्येक अक्षर थेट डिस्कवर लिहिते आणि सगळं रेंगाळतं. अकाउंट्सवाले बोंबलतात. डबलराव शांत: "हळू आहे, पण आहे ना?"

गेल्या वर्षी पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी ते रजेवर गेले. कारभार त्यांच्या हाताखालच्या, कल्याणहून येणाऱ्या मुलीकडे गेला आणि एकही तक्रार आली नाही. ही आनंदवार्ता कुणीतरी दवाखान्यात कळवली, तेव्हा त्यांचे टाके दुखले म्हणतात. रजा संपायच्या आतच स्वारी हजर. दारातूनच म्हणाले, "ऊठ गं, खुर्ची दे माझी. आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड."

मुलगी उठली नाही. शेजारचं स्टूल पुढे सरकवत म्हणाली, "बसा ना सर. फिटनेस सर्टिफिकेट आणलंय?"

"म्हणजे काय! आणलंय."

"मग आधी अर्धा तास निरीक्षण. खुर्चीचं रात्री बघू, लोड कमी झाल्यावर."

डबलरावांनी तोंड उघडलं, मिटलं, स्टुलावर बसले आणि खिशातून सर्टिफिकेट काढलं. दोन प्रती होत्या.