चावटपणाची मर्यादा ५०

शाळेच्या संगणक कक्षात इंटरनेट आलं ते २०१२ साली. दुसऱ्याच आठवड्यात मुख्याध्यापिका बाईंचा मला पुण्याला फोन. "अरे, तू ते कॉम्प्युटरमधलं करतोस ना? पोरं नाही नाही ते बघायला लागलीत. एक गाळणी बसवून दे." बाईंनी मला सातवीत गणित शिकवलेलं. नाही म्हणायची सोय नव्हती. शनिवारी एसटी धरली.

बाईंना आधी समजावून सांगितलं. "मुलांची मशिनं थेट बाहेर जाणार नाहीत. त्यांच्या वतीनं मधला एक सर्व्हर जाईल, पान आणेल, तपासेल आणि मगच देईल. त्याला प्रॉक्सी म्हणतात."

"प्रॉक्सी?" बाईंनी चष्मा काढला. "माझ्या भाच्याला कॉलेजनं प्रॉक्सीपायी परीक्षेला बसू दिलं नाही. आणि तू अख्ख्या शाळेची लावणार?"

सर्व्हर म्हणजे खरं तर कोपऱ्यातला जुना डेस्कटॉप. त्यावर उबुंटू होतं आणि सातवी-आठवीची मुलं त्याच्यावर एरवी चित्रंही काढायची. त्यात स्क्विड टाकला. तो ३१२८ नंबरच्या पोर्टवर बसतो आणि मुकाट्यानं पानं आणून देतो. त्याच्या पुढ्यात ८०८०वर डॅन्सगार्डियन. डॅनियल बॅरन नावाच्या इंग्रज गृहस्थानं लिहिलेला हा राखणदार नुसता पत्ता विचारत नाही, आलेलं पान अख्खं वाचतो. दोन्ही एका ओळीच्या आज्ञेत बसले. पाच मिनिटांत झालं, असं मी बाईंना सांगूनही टाकलं.

आणि डॅन्सगार्डियन उठेना. पोर्ट तपासले, केबल हलवली, मशीन दोनदा बंद-चालू केलं. तासाभरानं कळलं की सेटिंगच्या फाइलमध्ये वरच एक ओळ असते: 'हे अजून कॉन्फिगर केलेलं नाही, केल्यावर ही ओळ काढा.' मी खालचं सगळं भरलं होतं, ती ओळ तेवढी वाचली नव्हती. 'ढकला' असं लिहिलेलं दार ओढत बसलेला माणूस मी तोवर फक्त बँकेत पाहिला होता.

खरी गंमत पुढे. या राखणदाराचा हिशेब गुणांवर चालतो. प्रत्येक वाईट शब्दाला वजन, चांगल्या शब्दाला उणे वजन, आणि पानाची बेरीज मर्यादेबाहेर गेली की पान बंद. त्या मर्यादेचं फाइलमधलं नाव मराठीत सांगायचं तर 'चावटपणाची मर्यादा'. लहान मुलांना ५०, मोठ्या मुलांना १००, तरुणांना १६०, असं मार्गदर्शनही शेजारी दिलेलं. बाईंनी आधी इंग्रजी नावातली स्पेलिंगची चूक दाखवली आणि मग विचारलं, "शिक्षकांना किती?"

५० ठेवले. पण तयार यादी साता समुद्रापलीकडची. मराठीतून कोणी काहीही लिहिलं तरी राखणदाराच्या लेखी ते पान सोवळ्यातलं. तेव्हा मराठी शब्दांची यादी आपणच करायची ठरलं, आणि शिक्षकांच्या खोलीत बैठक भरली. बाई, पर्यवेक्षक, मराठीचे सर, मी. वही उघडली. दहा मिनिटं नुसता पंख्याचा आवाज. चार सुसंस्कृत माणसं एकमेकांसमोर पहिली शिवी कोण उच्चारतो याची वाट बघत होती. शेवटी मराठीचे सर खाकरून म्हणाले, "मूर्ख." ते लिहून घेतलं.

चहा घेऊन शिपाईमामा आले. मामा मूळचे कोल्हापूरचे. "लिवा," म्हणाले, आणि कप ठेवता ठेवता सांगू लागले. वहीची तीन पानं भरली. मग वजनांवरून वाद. मामांच्या एका शब्दाला मी चाळीस गुण दिले, तर ते दुखावले. "आमच्याकडं ह्यो शब्द लाडानं म्हंत्यात." मालवणच्या बाई इतका वेळ खिडकीबाहेर बघत होत्या, त्या वळल्या. "मग 'मेल्या'पण काढ. ती शिवी नाही, हाक आहे."

'साला'ला दहा गुण मिळाले. दर वेळी मोजायचे, असंही मी ठरवलं, आणि समाधानानं पुण्याला परतलो.

सोमवारी फोन. बाल आनंद मेळाव्यासाठी नववीच्या मुली पाककृती शोधत होत्या आणि एकेक पान बंद पडत होतं. मसालेभात सुटला होता, मसाला दूध अडकलं होतं. राखणदार शब्द ओळखत नाही, अक्षरांची लड शोधतो. 'मसाला'च्या पोटात 'साला' आहे. कांदा-लसूण मसाल्याच्या पानावर तो सहा वेळा आला, सहा दाहे साठ, मर्यादा पार. उलट 'राम' चांगला शब्द म्हणून मी त्याला उणे दहा दिलेले, आणि 'हराम'ला अधिक दहा. ज्या पानावर कोणी कोणाला हरामखोर म्हणे, तिथे बेरीज शून्य.

उपाय होता. शब्दाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडली की तो अख्खाच शोधला जातो. पण मग 'साल्याला' आणि 'साल्यांनो' निसटतात. मराठीचे सर मात्र खुलले. सामान्यरूपाचा असा उपयोग त्यांना तीस वर्षांच्या नोकरीत मिळाला नव्हता. प्रथमेपासून संबोधनापर्यंत, एकवचन-अनेकवचन, मामांच्या प्रत्येक शब्दाचा तक्ता त्यांनी दोन दिवसांत सुवाच्य अक्षरात करून दिला.

तो भरला आणि तुकाराम महाराज अडकले. दहावीचा प्रकल्प होता गाथेवर. तुकोबांची जीभ तिखट, ढोंग्यांना झोडताना ते ५०ची मर्यादा कुठली पाळतात! गाथा एकदा इंद्रायणीत बुडाली, आता पोर्ट ८०८०वर. सर हळवे झाले. अपवादाच्या यादीत त्या संकेतस्थळाचा पत्ता टाकला आणि सर्व्हिस पुन्हा सुरू केली. तेरा दिवस लागले नाहीत, मिनिटभरात वर आली.

पुढे सगळी संकेतस्थळं एचटीटीपीएसवर गेली, म्हणजे पत्र बंद पाकिटातून जाऊ लागलं. राखणदाराला पाकिटावरचं नाव तेवढं दिसे, आतलं काही नाही. तरीही तो बसून होता.

एक गोष्ट मात्र माझ्याकडून राहिली. यादीच्या फाइलला परवानगी होती ६४४. म्हणजे लिहिणार फक्त मालक, वाचणार कोणीही. आणि त्या मशीनवर पोरं चित्रं काढायची.

मला कळलं ते मामांकडून. मधल्या सुट्टीत सहावीतला एक मुलगा मैदानापलीकडच्या चौघांना हाक मारत होता. "शब्द आमच्याकडचाच हुता," मामा म्हणाले, "पर अनेकवचन सरांचं."