किल्लीदार

गडाला किल्लेदार असतो, तसा सोसायटीला किल्लीदार. तो निवडून येत नाही, त्याच्या नावाचा ठराव होत नाही, त्याला मानधनही नसतं. पण गच्चीची किल्ली कुणाकडे, मीटररूमची कुणाकडे, असं विचारलं की अख्खी बिल्डिंग एकाच दाराकडे बोट दाखवते. त्या दारामागे खिळे ठोकलेली एक फळी असते, फळीखाली टेबल, टेबलावर रजिस्टर आणि रजिस्टरमागे एक निवृत्त गृहस्थ. डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत त्यांना नाना म्हणतात. तुमच्याकडे अण्णा असतील, नाहीतर भाऊ. रजिस्टर तेच.

आमचे नाना बँकेत हेड कॅशियर होते. बँकेची तिजोरी एकट्यादुकट्याला उघडत नाही, हे बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. एक किल्ली मॅनेजरकडे, दुसरी कॅशियरकडे. दोन्ही लागल्या तरच दार हलायचं. माणसावर विश्वास टाकायचा, पण एका वेळी अर्धाच, हे नानांच्या अंगात तिथे जे मुरलं ते निवृत्तीनंतरही उतरलं नाही. घराच्या कपाटाच्या दोन कप्प्यांच्या दोन किल्ल्यांपैकी एक नानींकडे असते. नानी म्हणतात, "छत्तीस वर्षं यांच्याबरोबर संयुक्त ताब्यात काढली."

२०११ साली युको बँकेने शनिशिंगणापूरला शाखा काढली आणि गावाच्या रिवाजाला मान देऊन दाराला कुलूप लावलं नाही. ती बातमी नानांनी पेपरात वाचली, पेपराची घडी घातली आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं नानी सांगतात. शनीला नाना मानतात. प्रश्न बँकिंगचा होता.

तर गोष्ट सभागृहाच्या आतल्या दोन दारांची. तळमजल्यावर आमचं सभागृह आहे. त्याच्या आत एक खोली वाचनालयाची आणि एक सामानाची, म्हणजे गणपतीचं मखर, सतरंज्या, कॅरम आणि कधीकाळी कुणीतरी विकत घेतलेलं टेबल टेनिसचं अर्धं टेबल. या दोन दारांच्या मूळ किल्ल्या सहा. नानांनी मोजणी केली तेव्हा लोकांच्या घरांतून निघाल्या एकोणीस. त्यातल्या तीन भलत्याच कुलपांच्या होत्या, आणि एक तर कुणाच्या तरी स्कूटरची.

"हे कुलूप राहिलेलं नाही, हा प्रसाद झालाय," नाना सभेत म्हणाले. "किल्लीची नक्कल होते. किल्ली नसलेलं कुलूप आणू."

झालं. पुढच्या मंगळवारी मी नानांबरोबर नागदेवी स्ट्रीटला. हत्यारं आणि लोखंडी सामान घ्यायचं तर नागदेवीच, हे नानांचं मत. त्यासाठी फास्टने सीएसएमटीला जायचं आणि स्लोने एक स्टेशन मागे मशिदीला यायचं, हेही त्यांचंच. दुकानदाराने आधी बोटाचा ठसा घेऊन उघडणारं कुलूप दाखवलं. नानांनी बोट टेकवलं. कुलूप गप्प. दुसरं बोट. गप्प. दुकानदाराने स्वतःचं बोट लावून खात्री केली, मग नानांचं बोट रुमालाने पुसलं. नाना शांतपणे म्हणाले, "हयातीच्या दाखल्याला दर नोव्हेंबरला हेच होतं. नोटा मोजून मोजून ठसे गेले. सरकारला मी जिवंत वाटत नाही, तुमच्या कुलपाला कसा वाटेन?"

मग बॅटरीवर चालणारं आलं. बॅटरी कधी संपते, असा नानांचा प्रश्न. संपत आली की आवाज करतं, असं उत्तर. "आणि तेव्हा ऐकायला कुणी नसलं तर?" दुकानदार काही बोलला नाही. शेवटी त्याने पोटमाळ्यावरून एक जाडजूड खोका काढायला लावला. त्यात निघालं बटणांचं कुलूप. बॅटरी नाही, वायर नाही, ठसा नाही. आकड्यांची बटणं, शेजारी एक ‘सी’चं बटण आणि खाली मूठ. ‘सी’ दाबायचं म्हणजे आधीचं दाबलेलं सगळं पुसलं जातं, मग आपले आकडे दाबायचे, मूठ फिरवायची. आतून मात्र आकड्यांची भानगड नाही. मूठ फिरवली की दार उघडलं, म्हणजे पोरं आत कोंडली जायची भीती नाही. नानांनी बटणं दाबून पाहिली. प्रत्येक बटण आत जाताना टक्‌ करायचं. तो आवाज ऐकून त्यांचा चेहरा जो उजळला, तसा मी त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिला नव्हता.

कुलूप निवडणं म्हणजे दार निवडणं, हे मला त्या दिवशी कळलं. नाना खिशात दाराची कुंडलीच घेऊन आले होते: जाडी तीस मिलिमीटर, दार डावीकडे उघडतं, बिजागऱ्या तीन, चौकट सागाची, आतलं लाकूड देवालाच ठाऊक. खोक्यावर लिहिलेलं होतं की हे कुलूप पस्तीस ते साठ मिलिमीटर जाडीच्या दारासाठी. दुकानदार म्हणाला, "काका, बसेल. बोल्ट कापून घ्या." ‘बसेल’ हा शब्द नानांनी तिथल्या तिथे बिलाच्या मागे लिहून घेतला आणि त्याखाली त्याची सही मागितली. त्याने दिली. नागदेवीवर सही देऊन कुलूप विकायची त्याची ती पहिलीच वेळ असावी.

आता बसवणं. आमच्या सोसायटीचा सुतार चांगला आहे, पण नाना म्हणाले की ज्याने कुलूप बसवलं त्याला ते उघडताही येतं, म्हणून परका माणूस नको. सुतार बिचारा कामाच्या निमित्ताने आलाच, आणि भिंतीला टेकून, हाताची घडी घालून, सगळा वेळ उभा राहिला. खोक्यातला कागदी नमुना दाराच्या कडेवर दुमडून चिकटवायचा, त्यावरच्या फुल्यांवर भोकं पाडायची. कडेपासून साठ मिलिमीटर आत मधलं भोक, आणि दाराच्या कडेतून लॅचसाठी आडवं भोक. दोन्ही आत एकमेकांना भेटली पाहिजेत. नाना ड्रिल धरायचे, मी बॅटरी धरायचो, नानी वरून हाक मारायच्या. भोकं भेटली. नानांनी पटाशीने लॅचच्या पट्टीपुरती खाच काढली, इतकी नेटकी की सुतारानेसुद्धा हाताची घडी सोडली.

पण दार बंद होईना. लॅच चौकटीवर आपटायचं आणि दार मागे यायचं. नानांनी चौकट तपासली, बिजागऱ्या तपासल्या, मजूर लावून चौकट बसवणाऱ्या बिल्डरला दोन शब्द ऐकवले. पाऊण तासाने सुतार म्हणाला, "नाना, लॅचचा उतार उलट्या बाजूला आहे." दार बंद होताना चौकटीला जी बाजू आधी लागते, उतार तिकडे हवा. नानांनी लॅच काढून फिरवलं आणि म्हणाले, "मी तुझी परीक्षा घेत होतो." सुताराने पुन्हा घडी घातली. बोल्ट मात्र खरोखरच लांब निघाले. करवतीच्या पात्याने एकेक कापेपर्यंत संध्याकाळ झाली.

खरी सभा रंगली ती नंबरावरून. नानांचं मत पक्कं होतं: १९६९. चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण, १९ जुलै. पण या जातीच्या कुलपात एक आकडा एकदाच वापरता येतो आणि १९६९ मध्ये नऊ दोनदा. नानांना हा अपमान वाटला. मग कुणी १९४७ म्हणालं, कुणी १९६० म्हणालं. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त इतिहासाच्या बाईंनी १६७४ सुचवलं आणि शिवराज्याभिषेकाला विरोध कोण करणार? टाळ्या झाल्या. तेवढ्यात नववीतल्या एका मुलाने विचारलं, "नाना, क्रम उलटा दाबला तर?"

उघडतं. हीच या कुलपाची गंमत. त्याला आकडे कळतात, क्रम कळत नाही. आत प्रत्येक बटणामागे एक छोटी पट्टी असते. नंबरातल्या आकड्यांच्या पट्ट्या एका तऱ्हेच्या, बाकीच्यांच्या दुसऱ्या. योग्य पट्ट्या दाबल्या गेल्या आणि बाकीच्या जागच्या जागी राहिल्या की मूठ फिरते. कोणतं आधी दाबलं, त्याची नोंद कुठेच होत नाही. राज्याभिषेक १६७४ चा करा नाहीतर ४७६१ चा, कुलपाला इतिहासाशी देणंघेणं नाही. बाई खिन्न झाल्या. त्या मुलाने मात्र कागदावर हिशेब केला: दहा आकड्यांतून चार, क्रम नाही, म्हणजे २१०. एका खटपटीला दहा सेकंद धरले तर पस्तीस मिनिटं. मे महिन्याच्या सुट्टीत पोरांनी हे प्रत्यक्ष करून दाखवलं आणि कॅरम बाहेर काढला. नानांनी त्यांना रागावायच्या आधी रजिस्टरमध्ये नोंद केली: ‘कुलूप तपासले. वेळ बावीस मिनिटे.’

बाकी नंबर फुटायला तेवढाही वेळ लागला नाही. समितीच्या सात जणांना तो सांगितला होता. सातांच्या घरचे, घरच्यांच्या मोलकरणी, मोलकरणींकडून वॉचमन. वॉचमन शिस्तीचा माणूस. विसरायला नको म्हणून त्याने चौकटीवर खडूने लिहून ठेवला. नानांनी पुसला. पण एक-चार-सहा-सात ही बटणं इतकी दाबली गेली होती की तीच चार चकचकीत दिसायची आणि बाकीच्यांवर धूळ. खडूची गरजच उरली नव्हती.

पुढे जून आला. दरसालप्रमाणे दार फुगलं. लॅच चौकटीतल्या खाचेत बसेना, आणि नंबर दाबायचा प्रश्नच मिटला. दार ढकललं की उघडायचं. आठ दिवस आमची सामानाची खोली सताड उघडी होती आणि तिच्यातून एक सतरंजीसुद्धा गेली नाही. नाना दुपारभर खुर्ची टाकून दारापाशी बसायचे. शेवटी सुताराने घडी सोडली, कडेवरून रंधा मारला, पैसे घेतले नाहीत.

या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती, ती नानींनी बोलून दाखवली. मी वाटी परत द्यायला गेलो होतो. फळीवरचे दोन खिळे रिकामे होते. रजिस्टर मिटलेलं. पूर्वी संध्याकाळी पाच ते सात त्या दिवाणखान्यात माणसांची रीघ असायची: वाचनालयाची किल्ली न्यायला कुणी, मखराची मापं घ्यायला कुणी, किल्ली परत करायला आलेला चहा घेऊनच उठायचा. सही करता करता गावभरच्या बातम्या व्हायच्या. आता नंबर सगळ्यांनाच पाठ. "महिना झाला, कुणी फिरकलं नाही," नानी म्हणाल्या. "मी चहा दोनच कप टाकते."

नाना पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही. पण पान उलटायचं थांबलं होतं.

दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली, नानांच्या कॅशियरी अक्षरात. बटणं झिजल्याने सुरक्षेस धोका निर्माण झाला असून यापुढे दर महिन्याच्या एक तारखेस नंबर बदलण्यात येईल. या कुलपाचा नंबर बदलायचा म्हणजे ते दारावरून उतरवायचं, मागचं झाकण खोलायचं, चिमट्याने पट्ट्या अदलाबदल करायच्या, झाकण बसवून आधी हातातच चालवून पाहायचं आणि मग दार उघडं ठेवून पुन्हा जोडायचं. दोन दारं, दोन कुलपं, सकाळ जाते. पहिल्या खेपेला झाकण काढताच आतली स्प्रिंग उडाली आणि नानींच्या फोडणीच्या डब्यात मोहरीत सापडली. आता ते काम पेपर अंथरून होतं, समोर मी बॅटरी धरतो, आणि हल्ली सुतारही बसतो. घडी न घालता.

समितीतल्या एका तरुणाने सुचवलं की नवा नंबर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकावा. नानांनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर फाटकी नोट पुढे करणाऱ्याला मिळत असे. नंबर समक्ष मिळेल. सही करून मिळेल.

जुलैचा नंबर आजपासून लागू आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी संध्याकाळी पाच ते सात या वेळेत पहिल्या मजल्यावर जावं. चहा मिळेल. पेन आणायची गरज नाही. ते टेबलाला सुतळीने बांधलेलं आहे.