लिस्ट मॅनेजर व्हा, अवघ्या एका ऑक्टोबरात

अभिनंदन! ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या, म्हणजे तिकडच्या बोलीतल्या ‘फुटी’च्या, एका क्लबाने तुम्हाला लिस्ट मॅनेजर, म्हणजे खेळाडूंच्या यादीचा कारभारी, नेमलं आहे. अठरा-अठरा जण लंबगोल चेंडूमागे का धावतात हे कळत नसलं तरी बिघडत नाही. तुमचं काम त्यांचं धावणं थांबल्यावर सुरू होतं. सप्टेंबरअखेरीला मेलबर्नमध्ये ग्रँड फायनल होते (तिच्या आदल्या दिवशीही व्हिक्टोरियात सरकारी सुट्टी असते, यावरून भक्तीची कल्पना यावी) आणि ऑक्टोबरात अदलाबदलीचा बाजार भरतो.

आधी डोक्यातलं आयपीएल काढून टाका. लखनौने ऋषभ पंतसाठी 27 कोटी मोजले आणि विषय संपला, असं इथे होत नाही. एका क्लबाने दुसऱ्याला पैसे देऊन खेळाडू उचलायचा नाही. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू द्यायचा, नाहीतर ड्राफ्टमधला नंबर द्यायचा. ड्राफ्ट म्हणजे शाळा संपवून आलेल्या पोरांची वाटणी. तळाच्या संघाने आधी निवडायचं, विजेत्याने शेवटी. 2015 पासून पुढच्या वर्षाचे नंबरही देता येतात. म्हणजे आज शाळेतच असलेल्या, कोण ते कुणालाच ठाऊक नसलेल्या पोराच्या बदल्यात तुम्ही भरवशाचा बचावपटू देऊन टाकू शकता. पोरगं चमकलं तर तुम्ही द्रष्टे. नाही चमकलं, तर तोवर तुमच्या खुर्चीत दुसराच कोणी बसलेला असेल.

आता सॅलरी कॅप. संघाच्या एकूण पगारावरची ही मर्यादा 1987 मध्ये आली, वेस्ट कोस्ट आणि ब्रिस्बेन हे संघ दाखल झाले त्याच वर्षी. तेव्हा ती साडेबारा लाख डॉलर होती, आता कोटींत गेली आहे. श्रीमंत क्लबांनी सगळे हिरे एकाच डब्यात भरू नयेत, हा हेतू. नवशिक्यांच्या लक्षात येत नाही ते असं की वर छप्पर आहे तशी खाली फरशीही आहे. ठरलेल्या रकमेचा बहुतेक भाग खर्च करावाच लागतो. काटकसर हा इथे गुन्हा. त्यामुळे तळाच्या संघात बेताच्या खेळाडूला ताऱ्याचा पगार मिळताना दिसला तर तोंडात बोट घालू नका. पैसे कुठे तरी टाकायचेच होते.

छप्पर टोचू लागलं की पहिला उपाय म्हणजे दुखणं पुढे ढकलणं. करार लांबवा, आज थोडं द्या, पुढे भरपूर देऊ म्हणा. हा उपाय फार गोड आहे, कारण ‘पुढे’ नावाचं वर्ष कधी येईलसं वाटतच नाही. कॉलिंगवूड क्लबाला ते 2020 मध्ये भेटलं. त्यांच्या ॲडम ट्रेलोरचा करार 2025 पर्यंतचा. त्याला जायचंही नव्हतं. तरी त्याला वेस्टर्न बुलडॉग्जकडे धाडलं आणि वर त्याच्या पगाराचा काही हिस्सा कॉलिंगवूडनेच भरला. एवढ्याने शहाणपण येतं असं समजू नका. त्याच वर्षी क्लबाने ब्रोडी ग्रंडीशी सात वर्षांचा करार केला होता. 2022 मध्ये तोही मेलबर्न क्लबाला दिला, बदल्यात 27 वा नंबर घेतला आणि पगाराचा वाटा पुन्हा स्वतःच उचलला. प्रतिस्पर्ध्याच्या जर्सीत तुमच्याविरुद्ध खेळणाऱ्याला तुम्हीच पगार द्यायचा, ही अवस्था आली की प्रशिक्षण पूर्ण झालं असं मानायला हरकत नाही.

दुसरा उपाय टेबलाखालचा. तो सांगतो, पण करू नका. कार्लटन हा जुना, मातब्बर क्लब. कॅप चुकवून पैसे वाटल्याबद्दल 2002 मध्ये त्याला 9 लाख 30 हजार डॉलर दंड झाला. दंडाचं एवढं काही नाही. पैसा पुन्हा येतो. पण त्या वर्षी कार्लटन इतिहासात पहिल्यांदाच तळाला गेलेला, म्हणजे ड्राफ्टमधले पहिले दोन नंबर त्याच्या हातात होते. तेच काढून घेतले. ब्रेंडन गॉडर्ड सेंट किल्डाला मिळाला, डॅनियल वेल्स नॉर्थ मेलबर्नला. दहा वर्षांनी ॲडलेडने कर्ट टिपेटशी गुपचूप केलेले करारमदार उघडकीला आले. क्लबाला दंड झाला, नंबर गेले, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यावर बंदी आली आणि टिपेट अर्धा हंगाम बाहेर बसला. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी. इथे ती उघडली की तीन लाख डॉलर.

आता मुख्य धडा. बाकी विसरलात तरी हा विसरू नका: करार क्लबाला बांधतो, खेळाडूला फारसा नाही. खेळाडूच्या संमतीशिवाय त्याची अदलाबदल करता येत नाही. मात्र त्याच्या मनात आलं तर करार असतानाही तो उठून “मला अमुक क्लबाकडे जायचंय” म्हणू शकतो. एकाच क्लबाचं नाव घेतलं की तुमची घासाघीस संपली. कारण ठरलेलं असतं, घरची ओढ. जेसन हॉर्न-फ्रान्सिसला नॉर्थ मेलबर्नने 2021 मध्ये पहिल्या नंबरावर घेतलं. एका हंगामात त्याला घर आठवलं. साउथ ऑस्ट्रेलियात मोठे क्लब दोन, पण ओढ नेमकी पोर्ट ॲडलेडची निघाली. त्याला पोचवायला चार क्लबांनी मिळून व्यवहार जुळवला. अशा वेळी मान हलवा, ‘त्याच्या भावनांचा आदर आहे’ असं पत्रक काढा आणि मिळतील तेवढे नंबर पदरात पाडून घ्या.

2012 पासून जुन्या खेळाडूंना ‘फ्री एजंट’ म्हणून मोकळं होण्याचीही सोय आहे. वर्षभराने लान्स फ्रँकलिन हॉथॉर्न सोडून सिडनीला गेला, तोही नऊ वर्षांसाठी, एक कोटी डॉलरवर. तो शेजारच्या ग्रेटर वेस्टर्न सिडनीकडे जाणार, असं सगळे धरून बसले होते. हॉथॉर्नला तेवढीच बोली देऊन त्याला अडवता आलं असतं. त्यांनी अडवलं नाही, आणि 2014 च्या ग्रँड फायनलमध्ये त्याच फ्रँकलिनच्या सिडनीला 63 गुणांनी लोळवलं. सिडनीत त्याने कारकिर्दीतला हजारावा गोल मारला, मैदान माणसांनी भरून गेलं; अजिंक्यपद मात्र तिथे त्याला एकदाही मिळालं नाही. माझ्या मते तरी सिडनीचा सौदा तोट्याचा नव्हता. तिकिटं खपली, आणि करार संपल्यावरही तो आणखी एक हंगाम खेळला.

ताणून धरायचं किती, हे मात्र ल्यूक बॉलच्या प्रकरणावरून शिका. 2009 मध्ये त्याला सेंट किल्डातून कॉलिंगवूडला जायचं होतं. क्लबांचं जमलं नाही, मुदत संपली. बॉल सरळ ड्राफ्टमध्ये उतरला आणि कॉलिंगवूडने 30 व्या नंबरावर त्याला उचललं. सेंट किल्डाच्या हाती काहीच आलं नाही. पुढच्याच वर्षी कॉलिंगवूडने अजिंक्यपद जिंकलं. ग्रँड फायनलमध्ये समोर सेंट किल्डाच होता.

एवढं वाचूनही नोकरी हवीशी वाटत असेल, तर टास्मानियाचा एकोणिसावा संघ 2028 मध्ये उतरायचा ठरला आहे आणि त्याला अख्खी लिस्ट शून्यापासून भरायची आहे. ज्यांचं घर टास्मानियात आहे अशा खेळाडूंची यादी आजच करायला घ्या.