लाल दिव्याकडे धावणारे अर्थशास्त्र

पुण्याच्या कर्वे रस्त्यावर पुढच्या चौकातील लाल दिवा स्पष्ट दिसत असतानाही वेग वाढवून तेथे सर्वांआधी पोहोचणे आणि मग करकचून ब्रेक दाबणे, ही दानशूरतेची एक दुर्लक्षित परंपरा मानली पाहिजे. कारण गतिज ऊर्जा, म्हणजे गतीमुळे वस्तूच्या ठायी असलेली ऊर्जा, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी २० ऐवजी ४० किलोमीटर वेग गाठणारा चालक चौपट ऊर्जा पेट्रोलच्या भावाने विकत घेतो आणि ती ब्रेकच्या घर्षणातून उष्णतेच्या रूपाने हवेला अर्पण करतो. १९७८ मध्ये स्थापन झालेली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा स्थिर वेग राखण्याचा आणि सिग्नलला इंजिन बंद करण्याचा सल्ला देत असली, तरी उलटे आकडे उतरत असताना जागच्या जागी ॲक्सिलरेटर पिळत राहणे, म्हणजेच शून्य अंतरासाठी इंधन जाळणे, हे सज्जतेचे लक्षण समजले जाते. पेट्रोल लिटरमागे रुपयाने महागताच सरकारवर सर्वाधिक संतापणारा वर्गही हाच असून, इंधनखर्च घटवण्याचे काही अधिकार स्वतःच्या उजव्या पायाकडे वा मनगटाकडेही सोपवलेले आहेत, ही घटनादुरुस्ती त्याने अद्याप मंजूर केलेली नाही.