टाको-मंगळवाराचा यजमान

न्यू जर्सीतील एडिसनच्या परिसरात जी मराठी बिऱ्हाडे स्थिरावली आहेत, त्यांत आढळणाऱ्या एका नव्या कर्त्या पुरुषास सोयीसाठी 'टाको-यजमान' म्हणता येईल. टाको म्हणजे मक्याची लहान पोळी दुमडून, आत सारण भरून हाताने खाण्याचा मेक्सिकन पदार्थ, आणि यजमान म्हणजे तो पदार्थ दर मंगळवारी घरातल्या सर्वांनी 'अगदी निवांत' खावा यासाठी रविवारपासून बेचैन असलेला गृहस्थ. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळण्याची मेक्सिकोतली प्राचीन रीत, जिला निक्स्टमल करणे म्हणतात, ती तो पाहुण्यांना तपशीलवार समजावतो. स्वतः मात्र खोक्यातली, आधीच वाकवून तळलेली कडक पोळी भट्टीत पाच मिनिटे तापवतो.

'टाको ट्यूजडे' या शब्दांवर १९८९ पासून वायोमिंगच्या टाको जॉन्स या उपाहारगृह-साखळीचा व्यापारचिन्ह म्हणून हक्क होता, अपवाद फक्त न्यू जर्सीचा, कारण तिथे तो सॉमर्स पॉइंटच्या ग्रेगरीज या उपाहारगृहाकडे होता. २०२३ मध्ये दोघांनीही तो सोडला, तेव्हा आपला मंगळवार आता कायदेशीर झाला, असे यजमानाने जेवताना जाहीर केले. (घरच्या जेवणाला परवाना कधीच लागत नव्हता, ही गोष्ट अलाहिदा.)

परंतु मंगळवार हा गणपतीचाही वार असल्याने मूळचा खिमा पहिल्याच महिन्यात बाद झाला व त्याच्या जागी राजमा आला, आणि सहा महिन्यांसाठी आलेल्या आजींनी त्यात मटकीची उसळ मिसळली, तिला यजमानाने 'फ्यूजन' म्हणून मान्यता दिली. मुले केवळ चीज भरतात. कडक पोळी पहिल्याच घासाला बुडाशी तडकते, जिरे-तिखटाचा लाल ओघळ मनगटावरून कोपराकडे निघतो आणि यजमान ती तिरकी कशी धरावी याचे प्रात्यक्षिक देत असताना स्वतःच्याच सदऱ्यावर सांडतो. आजी तोवर आपली पोळी वाटीत चुरून, वरून कांदा-लिंबू घालून तिची भेळ करून मोकळ्या झालेल्या असतात, आणि जाणकाराने पाहिल्यास त्या जेवणात निवांत अशा त्या एकट्याच असतात.

या व्यवस्थेची खरी परीक्षा अंगारकीला, म्हणजे मंगळवारी येणाऱ्या संकष्टी चतुर्थीला, होते. कारण उपास चंद्र पाहून सोडायचा असतो, पुण्याच्या पंचांगातली चंद्रोदयाची वेळ एडिसनला लागू पडत नाही, आणि मुलांना दुसऱ्या दिवशी शाळा असते. तेव्हा आजी खिडकीतून पार्किंगच्या दिव्यांपलीकडे चंद्र शोधत असतात, भट्टीतल्या पोळ्या दुसऱ्यांदा तापून कडांना करपू लागलेल्या असतात, आणि हातात घड्याळ घेतलेला यजमान तिसऱ्यांदा बजावत असतो की कोणालाही कसलीही घाई नाही.