लेबलावरचं हिरवं पान

पर्यावरण परिषदेच्या व्यासपीठावर प्रत्येक खुर्चीसमोर पाण्याची बाटली हवीच. एरवी प्लास्टिकविरोधी भाषणाला कोरड पडलेला घसा ओला कसा व्हायचा? हल्लीची बाटली इतकी पातळ, की जरा आवळून झाकण फिरवलं की पहिला अभिषेक अध्यक्षांच्या सदऱ्यावर. हा म्हणे निसर्गासाठी केलेला त्याग. त्यात कंपनीचा कच्चा माल वाचला, हा निव्वळ योगायोग! वर हिरवं पान छापलंय, तेही प्लास्टिकच्याच लेबलावर.

तसं वजन घटवणं वाईट नाही. बाटलीचं पीईटी प्लास्टिक प्रामुख्याने खनिज तेलातून येतं. ग्रॅम कमी, तर तेल कमी. पण ग्रॅम उतरतात तसा बाटल्यांचा खप चढतो, त्याचा हिशेब पान छापणारा मांडत नाही. पुनर्वापराचंही तेच. जुनी बाटली बहुतेकदा पुन्हा बाटली होत नाही, पॉलिएस्टरचा धागा होते. नव्या बाटलीला पुन्हा नवं तेल. म्हणून तर केंद्राच्या २०२२ च्या नियमांनी कडक प्लास्टिक वेष्टनांत २०२५-२६ पासून ३० टक्के पुनर्चक्रित माल घालायला सांगितलं, २०२८-२९ मध्ये ६० टक्के.

आपला महाराष्ट्र मात्र आधीच पुढे! २०१८ च्या अधिसूचनेतच बाटलीवर परतीची किंमत छापायची होती, एक-दोन रुपये. ते रुपये हातात पडलेला कुणी भेटला, तर मंडळी, पुढच्या परिषदेचा अध्यक्ष त्यालाच करा. आणि पाणी तांब्या-भांड्यातून द्या.